द्रावणात निळा, क्रिस्टलमध्ये हिरवा, खलला की पिवळा: रेणू तोच, मग रंग कशाने बदलतो?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, इथंच कोल्हापुरात, आणि एक नवीन डोनर-ॲक्सेप्टर कंपाउंड, म्हणजे एक भाग इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसरा ओढणारा, असा केलाय. क्लोरोफॉर्ममध्ये तो ४४८ नॅनोमीटरला निळा चमकतो, क्रिस्टल ५१२ ला हिरवे, आणि तेच क्रिस्टल खलात घोटले की ५४५, म्हणजे पिवळसर. वर आणखी एक गोष्ट, दोन व्हायलमधले (छोट्या काचेच्या बाटल्यांमधले) क्रिस्टल एकसारखे चमकत नाहीत. मर्क्युरी या क्रिस्टल बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रक्चर उघडल्यावर २.७ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) एक सीएच-पाय काँटॅक्ट, म्हणजे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या रिंगेवरच्या पाय इलेक्ट्रॉन ढगाला टेकलेला, दिसला, आणि गाईडचं म्हणणं की हाच वीक इंटरॅक्शन रंग ट्यून करतोय असं लिहून टाका. तर हे लिहावं का, आणि असल्या कमजोर ओढीनं रंग खरंच आपल्याला हवा तसा फिरवता येतो का, असा प्रश्न आहे.

मी सोळा वर्षं हेच काम करते, क्रिस्टल वाढवायचे आणि त्यांचा उजेड मोजायचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लगेच सांगायचं तर रंग फिरवता येतो, पण तुम्ही आत्ता जे लिहायला निघालाय ते वाक्य लिहू नका. वीक इंटरॅक्शन रंग देत नाही, तो रेणूला जागा देतो. कोण कुणाच्या शेजारी बसणार, किती अंतरावर, किती सरकून, किती पिळून, एवढं तो ठरवतो, आणि रंग त्या बसण्यातून येतो. हा फरक शब्दांचा वाटेल पण पुढची दोन वर्षं कुठली रिॲक्शन लावायची ते यावरच ठरणार आहे.

पहिल्यांदा प्रश्न सुटा करा. तुमच्याकडे "रंग का बदलला" हा एक प्रश्न नाहीये, तीन आहेत. द्रावणातून क्रिस्टलमध्ये आल्यावर का बदलला, खलल्यावर का बदलला, आणि एका व्हायलमधून दुसऱ्या व्हायलमध्ये का बदलला. तिन्हींची कारणं वेगवेगळी असू शकतात, माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असतातच. तिन्हींना मिळून एक काँटॅक्ट चिकटवला की पेपर छान दिसतो पण पहिलाच चांगला रिव्ह्यूअर तो फोडतो.

आता थोडं गणित, कागदावर करायचं. नॅनोमीटरमध्ये फरक बघायची सवय सोडा, ऊर्जेत बघा. १२४० ला नॅनोमीटरनं भागलं की इलेक्ट्रॉन व्होल्ट येतात. ४४८ म्हणजे २.७७, ५१२ म्हणजे २.४२, ५४५ म्हणजे साधारण २.२८. म्हणजे द्रावण ते क्रिस्टल ०.३५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक, आणि एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे साधारण २३ किलोकॅलरी प्रति मोल, तर हा फरक झाला ८ किलोकॅलरीचा. आता तुमचा सीएच-पाय काँटॅक्ट किती ताकदीचा? एक, फार तर दोन किलोकॅलरी. आणि ती ओढ ग्राउंड स्टेटमधली (उजेड खाण्याआधीची), एक्सायटेड स्टेटलाही (उजेड खाल्लेल्या रेणूलाही) ती जवळपास तेवढीच धरून ठेवते, दोन्हींतल्या फरकावर तिचा थेट परिणाम त्याहूनही कमी. मग एक किलोकॅलरीच्या ओढीनं आठ किलोकॅलरी कुठून सरकवले? थेट सरकवलेच नाहीत.

मग कसं होतं, तर पारडं झुकवून. एकाच रेणूच्या दोन पॉलिमॉर्फमधला, म्हणजे दोन वेगळ्या रचनांच्या क्रिस्टलमधला, ऊर्जेचा फरक बहुतेक वेळा अगदीच किरकोळ असतो, निम्म्याहून जास्त जोड्यांमध्ये २ किलोज्यूलपेक्षाही कमी, म्हणजे अर्धी किलोकॅलरी. खोलीच्या तापमानाला उष्णतेची धडपडच ०.६ किलोकॅलरीची असते. एवढ्याशा फरकावर रेणू या पद्धतीनं बसायचं का त्या पद्धतीनं ते ठरतं, म्हणून तिथं एखादा सीएच-पाय, एखादा सीएच-ऑक्सिजन, एखादा मिथाइलचा धक्का पुरतो. आणि एकदा बसणं बदललं की शेजाऱ्यांच्या पाय ढगांचं एकमेकांवर येणं बदलतं, आणि तिथला फरक मात्र ०.३, ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असा मोठा निघतो. किल्ली छोटी असते, दार मोठं असतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे पेरिलीन. नुसता हायड्रोकार्बन, पाच रिंगा, त्यात ना नायट्रोजन ना ऑक्सिजन, हायड्रोजन बाँडचा प्रश्नच नाही. त्याचे दोन पॉलिमॉर्फ सगळ्यांना माहीत आहेत. अल्फामध्ये रेणू जोडीजोडीनं बसतात, एकावर एक, आणि उजेड येतो रुंद, पिवळसर-नारिंगी, ६०० च्या आसपास. बीटामध्ये एकेकटे रेणू हेरिंगबोन पद्धतीनं, म्हणजे आपण विटा तिरक्या लावतो तसे, आणि उजेड येतो हिरवा. नुसत्या आकारावरूनही बऱ्याचदा ओळखता येतात, अल्फाच्या चौकोनी पाट्या, बीटाच्या शंकरपाळ्यासारख्या. कुठलाही सबस्टिट्युअंट (रेणूला जोडलेला ग्रुप) बदललेला नाही, फक्त शेजार बदलला. माझ्याकडे नवीन विद्यार्थी आला की महिनाभर त्याला हेच करायला लावते, टोल्युईनमधून पेरिलीन वाढव आणि यूव्हीखाली दोन्ही वेगळे करून दाखव. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की "शेजार" म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

आता शेजारामुळे रंग बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, तर मुख्य रस्ते तीन.

पहिला, एक्सिमर. दोन सपाट रेणू साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आसपास समोरासमोर आले, आणि नुसते जवळ नाही तर एकमेकांवर चांगले आले, की उजेड खाल्लेला रेणू शेजाऱ्याला धरतो आणि दोघं मिळून कमी ऊर्जेचा उजेड टाकतात. पायरीनमध्ये हे १९५४ सालीच फोर्स्टर आणि कास्पर यांनी दाखवलं होतं, पातळ द्रावण ३७५ ते ३९५ ला चमकतं, दाट केलं की ४७० - ४८० ला एक रुंद कुबड येतं. पायरीनच्या क्रिस्टलमध्ये रेणू आधीच जोडीनं बसलेले असतात म्हणून तिथंही तसंच कुबड दिसतं. याची ओळख म्हणजे बिनखाचांचा रुंद बँड आणि मोठा लाईफटाईम, म्हणजे उजेड टाकायला रेणू जास्त वेळ घेतो.

दुसरा, काशा या शास्त्रज्ञाच्या नावाचं कपलिंग, म्हणजे शेजारी रेणूंचा एकमेकांच्या उजेडावरचा प्रभाव, त्याचे दोन प्रकार, एच आणि जे ॲग्रिगेट. इथं रेणू किती सरकून बसलेत ते महत्त्वाचं. समोरासमोर असतील तर एच, ॲब्सॉर्प्शन निळ्याकडे सरकतं आणि उजेड मंद पडतो. एकामागे एक सरकलेले असतील तर जे, तांबड्याकडे सरकतं, बँड अरुंद, लाईफटाईम छोटा. एच संपून जे सुरू होतो ती सीमा ५४.७ अंशांच्या कोनाला. आपल्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला बघा, मूर्ती तीच, महाद्वाराकडून येणारी वाट तीच, पण मावळतीचा कोन दिवसागणिक थोडासा बदलतो म्हणून एका दिवशी किरणं पायाशी आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. क्रिस्टलमध्येही रेणू अर्धा-एक अँगस्ट्रॉम सरकला की एवढाच मोठा फरक पडतो. म्हणून स्टॅकिंग डिस्टन्स ३.५ आहे एवढं लिहून थांबू नका, सरकणं किती ते लिहा. ३.५ वर बसलेले पण पूर्ण सरकलेले रेणू एकमेकांना जवळजवळ ओळखतही नाहीत.

तिसरा रस्ता लोक विसरतात, आणि तुमच्यासारख्या डोनर-ॲक्सेप्टर रेणूत तोच जास्त चालतो. तो म्हणजे रेणूचं स्वतःचं पिळणं. डोनर आणि ॲक्सेप्टरच्या मध्ये सिंगल बाँड असेल तर द्रावणात तो हलता असतो. क्रिस्टलमध्ये शेजारी त्याला एका कोनात दाबून बसवतात. जास्त सपाट बसला तर कॉन्जुगेशन (इलेक्ट्रॉनचं रेणूभर पसरणं) वाढून तांबड्याकडे, जास्त पिळला तर निळ्याकडे. इथं वीक इंटरॅक्शन खरंच कामाला येतात, कारण पिळायला फारशी ऊर्जा लागत नाही आणि पाच-सहा सीएच-पाय मिळून ते सहज करतात. बाजारच्या दिवशी एसटीत दोन्ही बाजूंनी माणसं चेपून बसली की मधल्याला खांदे तिरके करूनच बसावं लागतं, तसं.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न, द्रावण ते क्रिस्टल, यात वरच्या तिन्हींपैकी काय आहे ते काँटॅक्ट बघून कळणार नाही. शिवाय डोनर-ॲक्सेप्टर रेणूचा रंग द्रावणातही सॉल्व्हंटप्रमाणे बदलतो, हेक्झेनमध्ये एक, क्लोरोफॉर्ममध्ये एक, ॲसिटोनायट्राइलमध्ये आणखी तिसरा. मग ४४८ हे तुमचं "शून्य" कसं? ते क्लोरोफॉर्ममधलं एक वाचन आहे फक्त. मी काय करते, पीएमएमए प्लास्टिकमध्ये एक टक्का कंपाउंड घालून फिल्म ओतते. तिथं रेणू एकेकटा असतो पण जखडलेला. ती फिल्म ४५० ला आली आणि क्रिस्टल ५१२ ला, तर शेजाऱ्याचा हात आहे असं म्हणायला आधार मिळतो, किंवा क्रिस्टलमधल्या सपाटपणाचा, आणि तो कोन तुमच्या स्ट्रक्चरमध्ये मोजता येतो. फिल्मच ५०० ला आली तर मग पॅकिंगच्या गप्पा बंद. फिल्म करायला अर्धा दिवस लागतो, आणि ही एक फिल्म न केल्यामुळं भरकटलेले थिसिस मी बघितलेत.

सोबत लाईफटाईम मोजा. द्रावणात २ नॅनोसेकंद आणि क्रिस्टलमध्ये २० आणि बँड रुंद, तर एक्सिमरकडे बोट जातं. लाईफटाईम छोटा झाला आणि क्वांटम यील्ड (खाल्लेल्यापैकी किती उजेड परत आला ते) वाढलं तर जे पॅकिंगचा विचार करा. नुसता लाईफटाईम मोठा झाला म्हणून एक्सिमर नाही, जखडल्यामुळं नॉन-रेडिएटिव्ह वाट, म्हणजे उजेड न टाकता ऊर्जा घालवायची वाट, बंद होऊनही तो वाढतो, म्हणून यील्ड आणि लाईफटाईम दोन्ही हवेत, मग त्यातून रेडिएटिव्ह रेट (उजेड टाकण्याचा वेग) काढून तुलना करायची. आपल्याकडे यील्ड मोजायचा इंटिग्रेटिंग स्फिअर सगळीकडे नसतो हे मला माहीत आहे, सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, पण त्याशिवाय दावा करू नका.

मर्क्युरीतल्या त्या २.७ बद्दल. एक्स-रे हायड्रोजन नीट बघत नाही, सीएच बाँड ०.९५ च्या आसपास धरला जातो, न्यूट्रॉनमध्ये तो १.०८ भरतो. म्हणजे हायड्रोजन बरोबर जागी सरकवला की तुमचा काँटॅक्ट २.७ वरून २.६ कडे येईल. आणि कार्बन-हायड्रोजन व्हॅन डर वाल्स बेरीज (दोन अणू नुसते टेकतात ते अंतर) २.९, म्हणजे काँटॅक्ट आहे, नाकारत नाही मी, पण त्या क्रिस्टलमध्ये त्याच्यासारखे आणखी दहा असतील आणि रेणूला खरं धरून ठेवणारी ओढ बहुतेक त्यांच्यापैकी कुठलीच नसेल, ती असेल पसरलेली डिस्पर्शन, म्हणजे सगळ्या अणूंची मिळून होणारी ओढ, जिला मर्क्युरी ठिपक्यांची रेघ काढून दाखवत नाही. सगळ्यात आखूड काँटॅक्ट म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा असं नसतं, काही वेळा तर दुसऱ्या ओढीनं दाबल्यामुळं तो आखूड झालेला असतो. शेजारी-शेजारी रेणूंच्या जोड्या काढून एकेका जोडीची ऊर्जा मोजा, क्रिस्टल एक्सप्लोरर या सॉफ्टवेअरमध्ये होतं, मग बोला. क्रिस्टल इंजिनिअरिंगच्या वाटेवर आपल्याकडे गौतम देसिराजूंनी १९९५ मध्ये सिंथॉनची, म्हणजे रेणू जोडणाऱ्या ठरावीक ओढींच्या नमुन्यांची, कल्पना मांडली त्याला तीस वर्षं झाली, पण काही लोक त्यातली रेघ तेवढी घेतात आणि विचार सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता दोन व्हायल. हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटला, आणि तुम्ही तो शेवटी एका ओळीत लिहिलाय. माझीच गोष्ट सांगते. माझ्याकडे एक कंपाउंड होता, मॉलिक्युलर वेट ४१२, एका व्हायलमध्ये क्रिस्टल हिरवे, दुसऱ्यात आकाशी. मी आनंदानं दोन पॉलिमॉर्फ म्हणून लिहिलं, आकृत्या केल्या, कोन काढले, सगळं. एका रिव्ह्यूअरनं एकच ओळ लिहिली, टीजीए (तापवत वजन मोजणं) केलंय का? केलं तर आकाशीवाल्याचं वजन शंभर अंशाच्या आत १२ ते १३ टक्के उतरलं. दोन रेणूंमागे एक क्लोरोफॉर्म धरला तर हिशोब बरोबर १२.७ येतो. पॉलिमॉर्फ नव्हताच तो, सॉल्व्हेट होता, म्हणजे सॉल्व्हंट आत अडकलेला क्रिस्टल. क्लोरोफॉर्म मध्ये घुसून बसल्यामुळं रेणू एकमेकांवर येऊ शकत नव्हते म्हणून आकाशी. आणि एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणाऱ्या मोजणीत) का दिसला नाही, तर मी एनएमआर घेतला होता ड्युटरेटेड (जड हायड्रोजनच्या) क्लोरोफॉर्ममध्येच, ७.२६ ला तर तिथं नेहमीच एक रेघ असते! तेच सॅम्पल ड्युटरेटेड डीएमएसओमध्ये टाकलं तर ८.३२ ला क्लोरोफॉर्म स्वच्छ दिसला. सहा महिने गेले माझे. तुम्हीही क्लोरोफॉर्म वापरताय म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

आणखी एक, शुद्धता. काशाचं, एक्सिमरचं सगळं बोलण्याआधी बाटलीत दुसरं काही नाही ना ते बघा. कार्बाझोलची गोष्ट माहीत असेल, कितीतरी वर्षं लोक कार्बाझोलच्या डेरिव्हेटिव्हमधला तो सेकंदभर टिकणारा पिवळा फॉस्फोरेसन्स (टॉर्च बंद केल्यावरही मागे राहणारा उजेड) पॅकिंगवर ढकलत होते, पाय-पाय स्टॅकिंग, एच ॲग्रिगेट, सगळं लिहून झालं होतं, आणि मग सिंगापूरच्या बिन लिऊ यांच्या ग्रुपनं दाखवलं की बाजारच्या कार्बाझोलमध्ये त्याचाच एक आयसोमर (अणू तेच, जोडणी वेगळी) अर्ध्या टक्क्याहून कमी असतो आणि तो चमकवतोय. प्रयोगशाळेत स्वतः बनवलेल्या शुद्ध कार्बाझोलपासून केलं तर तो परिणाम जवळपास गेला. क्रिस्टलमध्ये ऊर्जा रेणूवरून रेणूवर उड्या मारत जाते, आणि वाटेत एखादा कमी ऊर्जेचा परका भेटला की तिथंच अडकते, म्हणून इतका थोडा मळही पुरतो. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून बघणं) करा, दोनदा रिक्रिस्टलाइज करून रंग तोच राहतो का बघा, शक्य असेल तर दुसऱ्या रस्त्यानं तोच कंपाउंड बनवून बघा.

खलण्याबद्दल. खललं की तांबड्याकडे सरकणं नेहमीचं आहे, कारण पिळलेले रेणू जागेवरून सुटून जरा सपाट होतात किंवा एकमेकांवर येतात. पण तुमच्याकडे तो अमॉर्फस (रेणूंची शिस्त मोडलेला) झाला का दुसरा क्रिस्टल झाला ते पावडर एक्सआरडीच, म्हणजे भुकटीवर एक्स-रे टाकून घेतलेला पॅटर्नच, सांगेल. रेघा पसरून टेकडी झाली तर अमॉर्फस, नव्या टोकदार रेघा आल्या तर नवीन फेज. मग डीएससी (तापवताना उष्णता आत जाते का बाहेर येते ते मोजणं) लावा, अमॉर्फस असेल तर तापवताना एका जागी उष्णता बाहेर टाकून परत क्रिस्टल होताना दिसतो. डायक्लोरोमिथेनच्या वाफेवर पाच मिनिटं धरलं की हिरवा परत येतो का तेही लिहून ठेवा. २०१० मध्ये कॅसँड्रा फ्रेझर यांच्या ग्रुपनं बीएफटू ॲव्होबेंझोनवर हेच दाखवलं, सनस्क्रीनमधल्या ॲव्होबेंझोनला बोरॉन जोडला तर त्याचे क्रिस्टल वेगवेगळ्या रंगाचे आणि घासलं की रंग बदलतो, काही वेळानं आपोआप परत येतो. आणि सिंगल क्रिस्टलच्या स्ट्रक्चरवरून काढलेला पॅटर्न तुमच्या पावडरशी जुळतो का ते आधी बघा, कारण तुम्ही मोजलेला एक क्रिस्टल म्हणजे अख्खी व्हायल नव्हे. १०० केल्व्हिनला स्ट्रक्चर घेतलं असेल तर रेघा थोड्या सरकलेल्या दिसतील, थंडीनं क्रिस्टल आकसतो, त्याला घाबरू नका.

मोजतानाच्या दोन चुका इथं सांगून टाकते. जाड क्रिस्टल स्वतःचाच निळा उजेड परत गिळतो, म्हणून मोठा क्रिस्टल उगाच तांबड्याकडे सरकलेला दिसतो, आणि सुईच्या टोकाशी उजेड आतून वाहत येतो तिथं तर आणखीनच. म्हणून बारीक क्रिस्टलचा पातळ थर घ्या, पण खलून बारीक करू नका कारण खलल्यावर तुमचा रंगच बदलतो, चाळून घ्या. दुसरं, ३९५ नॅनोमीटरची स्वस्त टॉर्च स्वतःच जांभळा उजेड टाकते आणि ऑफिसचा पांढरा कागद यूव्हीखाली निळा चमकतो, फोटो काढताना काळा कागद आणि ३६५ ची टॉर्च. व्हायल अ आणि व्हायल ब चा फरक एवढ्यानंच गेलेला मी बघितलाय.

इथवरचं एकत्र धरायचं तर असं: द्रावण ते क्रिस्टलसाठी पीएमएमए फिल्म, लाईफटाईम आणि यील्ड, खलण्यासाठी पावडर एक्सआरडी आणि डीएससी, दोन व्हायलसाठी टीजीए, डीएमएसओमधला एनएमआर आणि एचपीएलसी. हे झाल्यावर मग ट्यूनिंग.

तर ट्यूनिंग खरंच करता येतं का. येतं, पण रेडिओचं बटण फिरवल्यासारखं नाही. तुम्ही इंटरॅक्शन सुचवता, क्रिस्टल ऐकेलच असं नाही. त्यातल्या त्यात ऐकणारे रस्ते सांगते.

एकमेकांवर बसणं थांबवायचं असेल तर टर्शरी ब्युटाइल वगैरे जाडजूड ग्रुप लावा, ढोबळ रस्ता पण खात्रीचा. जास्त सुंदर रस्ता म्हणजे फ्लोरिनवाल्या रिंगा मध्ये घालणं. साधी बेंझीन ५.५ अंशाला गोठते, हेक्झाफ्लोरोबेंझीन पण पाचच्या आसपास, आणि दोन्ही समसमान मिसळलं की मिश्रण २४ अंशालाच घट्ट होतं! १९६० ला पॅट्रिक आणि प्रॉसर यांनी हे दाखवलं. डिसेंबरात पहाटे आपल्याकडे लॅबमध्ये ते घट्ट होऊन बसलेलं असतं. कारण एका रिंगेचा मधला भाग इलेक्ट्रॉननं भरलेला आणि दुसरीचा रिकामा, म्हणून एकाआड एक थप्पी लागते. तसंच पायरीनसारख्या रेणूंच्या मध्ये ऑक्टाफ्लोरोनॅफ्थलीन घातलं की पायरीनला पायरीन भेटत नाही आणि एक्सिमर टळतो. इथं तुम्ही रेणूला हातही लावलेला नाही, नुसता शेजारी बदललात.

रंग तांबड्याकडे न्यायचा असेल तर मध्ये ॲक्सेप्टर घाला, टेट्रासायनोबेंझीनसारखा. मग चार्ज ट्रान्सफर को-क्रिस्टल होतो, म्हणजे दोन वेगळे रेणू एकाच क्रिस्टलमध्ये आणि उजेडानं इलेक्ट्रॉन डोनरकडून ॲक्सेप्टरकडे जातो, आणि रंग डोनरच्या आयनायझेशन ऊर्जेप्रमाणे (इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेप्रमाणे) चालतो. नॅफ्थलीनची ८.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, अँथ्रासीनची ७.४, म्हणून अँथ्रासीनवाला क्रिस्टल बराच जास्त तांबड्याकडे जातो. संपूर्ण विषयात रंगाचा अंदाज आधी बांधता येईल अशी ही एकच जागा मला भरवशाची वाटते. आणि फॉस्फोरेसन्स हवा असेल तर ब्रोमीन किंवा आयोडीन आणि कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) यांच्यातली हॅलोजन ओढ, २०११ ला मिशिगनच्या जिनसांग किम यांच्या ग्रुपनं ब्रोमीनवाल्या अल्डिहाइडवर दाखवलं की क्रिस्टलमध्ये ब्रोमीन शेजारच्या कार्बोनिलकडे तोंड करून बसलं की साधा ऑरगॅनिक पदार्थ हवेत, खोलीच्या तापमानाला फॉस्फोरेसन्स देतो. इथं मात्र वीक इंटरॅक्शन फक्त जागा देत नाही, जड अणू उजेडाच्या कामात थेट भाग घेतो, एवढा अपवाद प्रामाणिकपणे नोंदवायला हवा.

वाढवण्याबद्दल थोडं, कारण इथली हवा यात मधे येते. जून ते सप्टेंबर पंचगंगा पात्राबाहेर येण्याच्या दिवसांत लॅबमध्ये इतकी दमट हवा असते की डीएमएसओ, डीएमएफमधल्या व्हायल पाणी ओढतात, आणि पाणी शिरलं की हायड्रेट तरी मिळतो नाहीतर घाईनं गाळ पडतो. त्या महिन्यांत मी टोल्युईन, हेप्टेन असलीच सॉल्व्हंट वापरते आणि डेसिकेटरमध्ये ठेवते. एप्रिल-मेमध्ये उलट, डायक्लोरोमिथेन दोन दिवसांत उडून जातं आणि घाईचा फॉर्म मिळतो. खडीसाखर करणारे दोऱ्यावर पाक किती दिवस न हलवता ठेवतात बघा, आणि तोच पाक हलवत राहिलं तर बारीक रवा पडतो. सावकाश वाढलेला आणि घाईनं पडलेला फॉर्म वेगळा असणं अगदी शक्य आहे, म्हणून प्रत्येक व्हायलवर सॉल्व्हंट, तारीख, त्या दिवशीचं तापमान आणि झाकणाला भोकं किती पाडली तेही लिहा. वीज गेली आणि फ्रीज बंद पडला तर तेही लिहा, ४ अंशावरून २८ वर जाऊन परत आलेली व्हायल ही वेगळी व्हायल असते. आणि जो फॉर्म आवडला त्याचे चार-पाच क्रिस्टल बियाण्यासारखे बाजूला सील करून ठेवा, कारण काही फॉर्म एकदा येतात आणि परत वर्षभर येत नाहीत.

गाईडना काय सांगायचं हा तुमचा अडचणीचा भाग असणार, मला कळतं. भांडू नका. त्यांचा काँटॅक्ट चुकीचा नाही, त्याला दिलेलं काम जास्त आहे. असं म्हणून बघा, "सर, काँटॅक्ट आहे तो लिहूया, पण रंगाचं कारण म्हणून लिहिण्याआधी आठ दिवस द्या, टीजीए आणि पीएमएमए फिल्म करून येतो." दोन्ही स्वस्त आहेत, कुणी नाही म्हणणार नाही. आणि त्यांना सबस्टिट्युअंट बदलायचाच असेल तर एका वेळी एकच बदला, ज्या हायड्रोजननं तो सीएच-पाय केलाय तिथं मिथाइल लावा, त्याच सॉल्व्हंटमधून, त्याच तापमानाला वाढवा. काँटॅक्ट गेला, पॅकिंग तेच राहिलं आणि रंगही तोच राहिला तर सरांचा मुद्दा आपोआप गळून पडेल. पॅकिंगच बदललं, आणि बहुतेक तेच होईल, तर तुमच्या हातात दुसरा क्रिस्टल आणि दुसरा रंग असेल, आणि तुलना करायला खरं काहीतरी.

टीजीएचा ग्राफ आला की इथंच टाका, वजन कुठल्या तापमानाला किती उतरलं तेवढं दिसलं तरी पुरे, मी बघते.